विश्लेषण : जुन्या बुलेटचे ‘कॉम्प्रेशन’ गेले? बोअर करण्याआधी काय तपासाल?

किक पायाखाली सहज दबते, चढावर गाडी दम टाकते, सकाळी सुरू करताना घाम निघतो. कास्ट आयर्न इंजिनाची जुनी ३५० सीसी बुलेट बाळगणाऱ्यांना ही लक्षणे ओळखीची असतील. त्यावर गॅरेजमध्ये बहुधा ठरलेले उत्तर मिळते : ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करावं लागेल.’ ते खरे असू शकते. पण बोअर करणे म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणे. एकदा काढलेले लोखंड परत येत नाही. म्हणून आधी तपासणी.

दाब निसटतो कुठून?

या इंजिनात ७० मिमी व्यासाचा पिस्टन ९० मिमी वर-खाली जातो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो. हा दाब निसटण्याच्या वाटा मोजक्याच : पिस्टन रिंगा, दोन व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, स्पार्क प्लगची बैठक आणि बुलेटमध्ये आणखी एक, डीकॉम्प्रेसर.

सुरुवात तिथूनच करावी. डीकॉम्प्रेसरची केबल ताणलेली असेल, तर त्याची झडप किंचित उघडी राहते आणि दोष रिंगांवर जातो. हँडलवरच्या लिव्हरला थोडा ढिलेपणा हवाच.

मग टॅपेट. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. ते सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. फिरतच नसतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. आवाज नको म्हणून टॅपेट आवळून घेणारे बरेच असतात. थोडी टकटक परवडली, जळालेला व्हॉल्व्ह नाही.

गेज काय सांगतो?

इंजिन गरम, इग्निशन आणि पेट्रोलचा कॉक बंद, थ्रॉटल मात्र पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद असेल तर आत पुरेशी हवाच जात नाही आणि आकडा उगाच कमी दिसतो. काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला, तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांत किंवा सिलिंडरमध्ये आहे. फारसा हलला नाही, तर संशय व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. गेजगणिक आकडे थोडे बदलतात. या दोन मापांतला फरक जास्त बोलका.

कॉम्प्रेसर असेल तर पिस्टन टोकाला ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, मागचा ब्रेक दाबून प्लगच्या जागेतून हवा सोडता येते. फुसफुस कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून आली तर रिंगा. हेडच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले तर गॅस्केट.

(येझ्दी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत असे व्हॉल्व्ह नसतात. तिथे क्रँकचे सील गळत असले तरी गेज ठीक दाखवतो, हे लक्षात ठेवावे.)

रिंगाच दोषी निघाल्या तर?

तरीही लगेच बोअर नको. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी बोअर गेजने मोजून घ्यावा. झीज मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगांवर भागते. नसेल तर मोठ्या मापाचा पिस्टन. त्याची मापे मोजकीच असतात आणि ती संपली की स्लीव्ह. त्यामुळे गॅरेजवाल्याकडून मोजलेला आकडा कागदावर घ्यावा आणि मगच सिलिंडर मशीनवर चढवू द्यावा.