नवं नाणं आलंय म्हणे, घ्यावं का?

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि एका ताईंनी मोबाईल पुढे केला. "भाच्यानं दाखवलंय. बिटकॉइन महाग झालं, पण हे नवं नाणं अजून स्वस्त आहे. शिलाई मशीनसाठी साठवलेले बारा हजार यात टाकू का?" आम्ही लगेच उत्तर दिलं नाही. आधी माहिती घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो.

हे नाणं हातात धरता येत नाही. ती एक हिशेबवही असते. आपल्या गटाची वही सचिवाकडे असते. समजा, तीच वही प्रत्येक सभासदाच्या घरी आहे आणि सगळ्या वह्या जुळल्या तरच नोंद पक्की. मग एकटीला खाडाखोड करता येईल का? नाही. जगभरातल्या संगणकांवर अशी वही ठेवून २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं. त्यानंतर निघालेल्या इतर नाण्यांना ऑल्टकॉइन, म्हणजे पर्यायी नाणी म्हणतात. आज ती हजारोंनी आहेत.

सगळीच खोटी नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमच्या वहीत करारही लिहिता येतात. अट पूर्ण झाली की व्यवहार आपोआप होतो. २०२२ मध्ये नोंदी तपासायची पद्धत बदलून त्यांनी विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी केला. हे काम खरं आहे. पण २०१३ मधलं डोजकॉइन निघालं ते चक्क गंमत म्हणून. आणि लूना नावाचं नाणं मे २०२२ च्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास होतं, ते पंधरवड्याच्या आत एका सेंटच्याही खाली गेलं.

याहून वाईट गोष्ट वनकॉइनची. २०१४ मध्ये हे बल्गेरियातून सुरू झालं. त्याला खरी वहीच नव्हती. किंमत कंपनीच ठरवायची आणि नवीन माणूस आणला की कमिशन मिळायचं. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्याच्या प्रचाराच्या सभेवर पोलिसांनी छापा घालून १८ जणांना अटक केली. त्याच वर्षी कंपनीची प्रमुख रुजा इग्नातोवा बेपत्ता झाली.

मग पर्यायी नाण्यांना पाठिंबा द्यावा का? आम्हाला वाटतं, हे तंत्र समजून घ्यावं, मुलांनी शिकावं. पण गटाची बचत आणि घरखर्चाचा पैसा त्यात घालू नये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, या नाण्यांना नसतो. नफा झाला तर २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया मात्र वेगळा. तो आपलाच रुपया आहे, त्याची किंमत वरखाली होत नाही.

कुणी नवं नाणं घेऊन दारात आलं, तर चार प्रश्न विचारा. हे नाणं कोणत्या कामाचं? किंमत बाजार ठरवतो की कंपनी? आज विकलं तर पैसे माझ्या बँक खात्यात कधी येतील? आणि माणसं आणली तर कमिशन मिळतं का? शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं, तर पुढे ऐकूच नका.

त्या ताईंनी भाच्याला हाच चौथा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मावशी, तीन जणी जोडल्यास तर तुझे पैसे लवकर वाढतील." ताई पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "त्या तीन जणी म्हणजे तुम्हीच होतात गं." बारा हजार अजून त्यांच्या खात्यात आहेत. मशीन दिवाळीआधी घ्यायचं ठरलंय.

कुणी आधीच फसलं असेल, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि गटात सांगा. एकीनं सांगितलं, तर दहा जणी वाचतात.