अंगठा उठवण्याआधी नोंद बघा

बियाण्याचा प्रात्यक्षिक प्लॉट तुम्ही पाहिलेला असेल. एका पट्ट्यात नवे वाण, शेजारच्या पट्ट्यात जुने. खत-पाणी दोन्हींना सारखे. शेजारी जुना पट्टा नसेल तर नवे वाण खरेच जादा उतरले की यंदा पाऊसच चांगला झाला, हे कळायचे कसे? माणसाच्या औषधाची चाचणी, म्हणजे दवाखान्यात ज्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात ती, याच रीतीने चालते. फरक इतकाच की इथे पट्ट्यात माणूस उभा असतो. आणि माणसाला ‘नको’ म्हणता येते.

कुणी म्हणेल, हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांचे काम, आपल्या खेड्यात कशाला येतेय? तसे नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र कित्येक वर्षे काम करते. आसपासच्या २२ गावांतल्या जन्म-मृत्यूची, आजारपणाची नोंद तिथे २००२ पासून ठेवली जाते. लहान पोरांच्या जुलाबावरची रोटाव्हॅक ही देशी लस दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी ६,७९९ तान्ह्या बाळांवर तपासली गेली. त्यातल्या दोन हिश्श्यांना लस मिळाली आणि एका हिश्श्याला औषध नसलेले, पण दिसायला तसेच थेंब. तीव्र जुलाब निम्म्याहून थोडे अधिक कमी झाले. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली.

पण प्रत्येक नवे वाण उतरतेच असे नाही. गोवराची लस सुईने न टोचता वाफाऱ्यासारखी हुंगवून देता येईल का, हे पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांत सुमारे दोन हजार बाळांवर पाहिले गेले. २०१५ साली निकाल छापून आला. सुईवाल्यांत १०० पैकी जवळजवळ ९५ बाळांच्या अंगात गोवराविरुद्धची ताकद आली, हुंगवलेल्यांत ८५ बाळांच्या. म्हणजे जुनी सुईच बरी ठरली. तेव्हा ‘नवीन औषध आहे, फुकट आहे, घेऊन टाका’ असे कुणी म्हणाले तर एवढे ध्यानात असू द्या: नवे म्हणजे चांगलेच, हे ठरलेले असते तर चाचणी घेतलीच नसती.

आता चाचणी शोधायची कशी? दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ नावाची नोंदवही २००७ साली उघडली. १५ जून २००९ पासून देशातल्या औषध चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. भाषा मात्र इंग्रजी, हा मोठाच खोळंबा आहे. घरातले कॉलेजात जाणारे पोरगे किंवा गावातले शाळामास्तर गाठा. आजाराचे नाव आणि राज्य घालून शोधले की कुठल्या गावी, कुठल्या इस्पितळात काय चालले आहे, कुणाला घेतात, कुणाला नाही, भरती सुरू आहे की बंद, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि चौकशी कुणाकडे करायची, हे सारे दिसते. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमिनीचा इसार देत नाही. मग हा नंबर विचारायला लाजायचे काय कारण?

नंबर सापडला म्हणजे आपल्या पेशंटला घेतीलच असे नव्हे. वय, आजाराची पायरी, चालू गोळ्या असे बरेच काही बघतात. आणि इथे एक गोष्ट आपली माणसे हमखास लपवतात: वैदूचा पाला, गावठी काढा, तंबाखू, दारू. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत. पण चाचणीतल्या औषधाशी त्याचे जमले नाही तर भोगावे पेशंटलाच लागते. सगळे सांगून टाकावे.

संमतीपत्राचे काय? २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर ज्याचा चाचणीशी संबंध नाही असा साक्षीदार पहिल्यापासून हजर पाहिजे. माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्या हातात पडली पाहिजे. ती ट्रंकेत जपून ठेवा. केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर औषधपाणी फुकट आणि भरपाईही मिळते.

हे नियम उगाच नाही आले. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देण्याचा उपक्रम झाला. पुष्कळ संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. २०१० साली उपक्रम थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

आपल्या मराठवाड्यातलेही उदाहरण आहे, आणि ते इतके सरळ नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून १,३१,७४६ बायकांना घेऊन याच कॅन्सरच्या तपासणीची चाचणी झाली. एका गटाची नव्या पद्धतीने एकदाच तपासणी झाली. त्या ३४ हजारांत या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. ज्यांची तपासणी केली नाही त्या साडेएकतीस हजारांत ६४ गेल्या. एका तपासणीने मरण निम्म्यावर येते, हे जगाला या जिल्ह्याने दाखवले. पण तपासणीचा उपयोग ठाऊक असताना दुसऱ्या गटाला तशीच का ठेवली, अशी टीकाही झाली. माझ्या मते ती टीका रास्त होती, आणि मिळालेली माहितीही मोलाची होती.

म्हणून विचारायचेच तर पहिला प्रश्न हा विचारा: ‘मी दुसऱ्या पट्ट्यात गेलो तर मला काय मिळणार?’ आज चालू असलेला उपचार मिळणार, की नुसती साखरेची गोळी? चिठ्ठी टाकूनच गट ठरतो, डॉक्टरांच्या ओळखीने बदलत नाही. मग खेपा किती, रक्त किती वेळा काढणार, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार, रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा, तेही विचारा.

आणि औषधाने गुण आला तर चाचणी संपल्यावर ते पुढे मिळणार का, हे आत जाण्याआधीच विचारून घ्या. दुसरा उपाय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली तर ते पुढेही फुकट देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. पण ती आपोआप लागू होत नाही, पेशंटला लेखी संमती द्यावी लागते.