सोळा सेंटिमीटरांतले बिऱ्हाड

जहाजावर माल चढवण्याच्या वीस फुटी पोलादी पेटाऱ्याचे, म्हणजे साध्या कंटेनरचे, दार मोजले तर ते सुमारे २.२८ मीटर उंच भरते. आणि टोयोटाच्या लँड क्रूझर घराण्यातली ७८ क्रमांकाची, ऑस्ट्रेलियात ‘ट्रूपी’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी लांबट मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिची उंची २.११५ मीटर असते. या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून उरणाऱ्या साडेसोळा सेंटिमीटरांच्या फटीत, प्रौढ माणसाला ताठ उभे राहता येईल आणि दोघांना पाय पसरून निजता येईल एवढी जागा घडी घालून बसवावयाची, हा काही मोजक्या कारागिरांनी आपल्या आयुष्याचा विषय करून घेतला आहे. एका खंडातून दुसऱ्या खंडात मोटार घेऊन जाणारा प्रवासी बंदरावर पेटाऱ्यापुढे उभा राहतो तेव्हा या फटीतला एकेक सेंटिमीटर त्याला मोलाचा वाटतो. त्याने चाके मोठी बसवली असतील, खडकाळ वाटांसाठी स्प्रिंगा उंच केल्या असतील, तर तेवढी उंची आधीच खर्ची पडलेली असते, आणि मग टायरांतली हवा सोडून मोटार खाली बसवून आत सरकवण्याची पाळी येते.

अशा उघडणाऱ्या टपाचे चित्र पाहताना आपले लक्ष साहजिकच उघडलेल्या स्थितीकडे जाते: वर उचललेले झाकण, भोवतीचे कापड, जाळीची खिडकी आणि आत दिव्याचा पिवळा उजेड. परंतु या विद्येची खरी कसोटी मिटलेल्या स्थितीत लागते असे माझे ठाम मत आहे. मोटार दिवसाचे आठ-दहा तास टप मिटूनच धावत असते, आणि त्या वेळी ते टप नसल्यासारखे वागले पाहिजे. कायमचे उंच छप्पर बसवणे कारागिराच्या दृष्टीने कितीतरी सोपे, पण १.८ मीटर रुंदीच्या मोटारीची उंची केवळ ३० सेंटिमीटरांनी वाढवली तरी वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून अधिक वाढते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढत असल्यामुळे मोठ्या रस्त्यावर त्याची किंमत इंधनाच्या रूपाने मोजावी लागते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की वजन जितके वर, तितका मोटारीचा गुरुत्वमध्य वर. आणि डोंगराच्या कुशीला तिरप्या झालेल्या वाटेवर मोटार कलंडणे वा न कलंडणे हे याच मध्याच्या उंचीवर अवलंबून असते.

टपावर बांधावयाचा तंबू हा दुसरा उपाय. तो स्वस्त, कापाकापीवाचून बसणारा आणि मोटार विकताना काढून घेता येणारा. परंतु कठीण कवचाच्या अशा तंबूचे वजन साधारणतः ६० ते ८० किलो असते, आणि भर पावसात निजावयाचे झाले तर मोटारीबाहेर पडून शिडीने वर चढावे लागते. उघडणाऱ्या टपात माणूस मोटारीतून मोटारीतच वर जातो. रात्री बाहेर रानटी जनावराची चाहूल लागली असता, किंवा एखाद्या अनोळखी गावाबाहेर मुक्काम असता, जमिनीवर पाय न टेकता पुढच्या आसनावर येऊन मोटार सुरू करता येणे हे सुख लहान नव्हे. भाराचा हिशेबही येथे सांगितला पाहिजे. उत्पादक टपावरच्या भाराचे दोन आकडे देतात, एक धावत्या मोटारीचा व दुसरा उभ्या मोटारीचा. नव्या लँड रोव्हर डिफेंडर ११० ला धावताना १६८ किलो आणि उभी असताना ३०० किलो भार मंजूर आहे. धावत्या मोटारीत तोच भार प्रत्येक खड्ड्यात आपटतो आणि प्रत्येक वळणावर बाहेर झुकतो, म्हणून दोहोंत एवढे अंतर. टपावर निजणाऱ्या दोन माणसांचे वजन दुसऱ्या आकड्यात मोडते, परंतु खुद्द टपाचे वजन पहिल्याच आकड्यातून वजा झाले पाहिजे.

या कलेचा उगम शोधू लागले असता आपण इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी जाऊन पोहोचतो. तेथील मार्टिन वॉल्टर नावाच्या पेढीचा मूळ धंदा खोगिरे व घोड्यांचे साज तयार करण्याचा. आपल्याकडे ज्यांना जीनगर म्हणत त्यांचाच. घोडे गेले, घोडागाड्यांच्या जागी मोटारी आल्या, तसतशी ही पेढी मोटारींची घरबांधणी करू लागली, आणि १९५० च्या दशकात बेडफर्ड कंपनीच्या मालवाहू गाडीत तिने अशी आसने बसवली की दिवसा बसावे आणि रात्री तीच आडवी पाडून निजावे. शयनगृह व मोटार या अर्थांच्या दोन शब्दांची सांगड घालून तिचे नाव ठेवले ‘डॉर्मोबिल’. पुढे त्याच गाडीला एका बाजूला बिजागऱ्या असलेले छप्पर आले. ते पेटीच्या झाकणासारखे एका कडेला उचलत, आत रंगीत पट्ट्यांचे कापड ताणले जाई, आणि त्या उंचीत कॅनव्हासच्या झोळ्या दांड्यांवर ताणून बिछाने होत. चामडे कोठे ताणावे, कोठे सैल सोडावे आणि शिवण कोणत्या जागी फाटते हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या हातांनी हे काम केले होते, आणि ते ज्ञान या छपरात उतरले असे मला मनापासून वाटते. जर्मनीतील वेस्टफालिया या प्रसिद्ध कारखान्यानेही काही काळ फोक्सवॅगनच्या गाड्यांवर हेच छप्पर बसवले.

परंतु आपला विषय आडवाटेने जाणाऱ्या मोटारींचा आहे, आणि १९६० च्या दशकात हे छप्पर १०९ इंची लँड रोव्हरवर चढले तेव्हा या कलेला तिचे योग्य स्थळ सापडले. लँड रोव्हर प्रथम लोकांपुढे आली ती एप्रिल १९४८ मध्ये, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात. युद्धोत्तर इंग्लंडात पोलादावर नियंत्रण असल्यामुळे तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले होते, आणि ते पोलादी शिडीसारख्या चासीवर ठेवलेले होते. टप तर बाजूंच्या भिंतींना आणि पुढच्या काचेच्या चौकटीला नुसत्या नटबोल्टांनी जखडलेले. जी मोटार आपले टप एका पान्याने उतरवू देते तिच्यावर दुसरे टप चढवण्यास करवत लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनची ‘अलू-कॅब’ ही कंपनी जुन्या डिफेंडरसाठी जे ‘इकॅरस’ नावाचे टप तयार करते ते याच गुणाचा लाभ घेते: मूळ टप उतरवावयाचे, त्या जागी उघडणारे संपूर्ण नवे टप बसवावयाचे, आणि जुने घराच्या माळ्यावर जपून ठेवावयाचे. पुढेमागे मोटार पूर्वस्थितीत आणण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते.

ट्रूपीची कथा वेगळी. १९८४ पासून चालत आलेल्या ७० मालिकेतली ही मोटार ऑस्ट्रेलियातील खाणी व गुरांची विस्तीर्ण कुरणे यांची जुनी चाकर आहे, आणि साहाय्य संस्थांनी ती जगातल्या अनेक कठीण मुलखांत वापरली आहे. तिचे टप पोलादी असून अंगाशी झाळलेले आहे. येथे करवत चालवावीच लागते, आणि मोटारीच्या मालकाचा जीव घशाशी येतो तो क्षण हाच. टपाच्या पत्र्याखाली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेल्या आडव्या कमानी असतात. मधला पत्रा कापून काढताना त्या छेदल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारा बंधही तुटतो. म्हणून जाणता कारागीर आधी मोकळ्या जागेभोवती पोलादाची वा ॲल्युमिनियमची चौकट कोणत्या मार्गाने नेणार, ती खांबांवर कोठे टेकणार आणि भार खाली कसा उतरणार हे ठरवतो, आणि मगच पत्र्याला हात लावतो. शिडीची चासी खडकांवर पिळवटते तेव्हा तिच्यावरचे अंगही थोडे पिळवटते, आणि चौकट दुबळी असेल तर चौकोनाचा तिरका चौकोन होऊन कड्या बसेनाशा होतात, रबरी पट्टी एका कोपऱ्यात उचलते आणि मोटारीच्या मागे निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे धूळ आत ओढली जाते.

कापलेल्या कडेला उघडे पोलाद राहते, आणि त्याला लेप न देता वर टप बसवले तर गंज झाकणाखाली निवांतपणे आपले काम करीत राहतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना नुसते टेकवून ठेवणे हीही मोठी चूक. ओलावा मिळाला की दोन भिन्न धातूंत विद्युत्-रासायनिक झीज सुरू होऊन ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, हा अनुभव जुन्या लँड रोव्हरच्या प्रत्येक मालकाच्या पदरी आहे. याच कारणासाठी रिव्हेटांच्या जोडीला पॉलियुरेथेनचा चिवट डिंक वापरतात. तो दोन धातूंना जोडतो आणि त्यांना एकमेकांपासून अलगही ठेवतो. मागणीबरहुकूम, एकेका मोटारीचे माप घेऊन केलेल्या कामाचे महत्त्व मला येथे दिसते. वीस-तीस वर्षे राबलेल्या दोन मोटारींची अंगे मिलिमीटरात मोजली तर सारखी भरत नाहीत, आणि साच्यातून निघालेले झाकण त्या फरकाची दखल घेत नाही, माणूस घेतो.

झाकण उघडण्याच्या तऱ्हा तीनच. डॉर्मोबिलसारखे एका बाजूने, पाचरीसारखे पुढच्या वा मागच्या टोकाशी बिजागरी ठेवून, किंवा चारही कोपऱ्यांनी सरळ वर. पाचरीत कापड कमी लागते आणि बिजागरीचे टोक वाऱ्याकडे करून मोटार उभी केली की वारा झाकणावरून घसरून जातो. सरळ वर जाणाऱ्यात जागा सर्वांत अधिक, पण वाऱ्यावर फडफडणारे कापडही सर्वांत अधिक. झाकण उचलण्यास मदत करणारे, नायट्रोजन कोंडलेले दट्टे हवामानाचे गुलाम असतात: पारा तीस अंशांनी उतरला की त्यांचा जोर सुमारे एक दशांशाने घटतो, म्हणून वाळवंटात हलके वाटलेले झाकण बर्फाळ पठारावर पहाटे जड लागते.

कापडाविषयी मात्र घाई करून चालणार नाही. पुण्यात फरासखाना हे नाव आज पोलीस ठाण्यामुळे परिचित असले तरी मुळात ते तंबू, कनाती व बिछायती सांभाळणारे खाते होते, आणि राहुट्यांचे कापड ओले राहिले तर काय होते हे त्या दफ्तरातील चाकरांना कोणी शिकवावे लागले नसेल. सुती किंतान भिजले की धागे फुगून विणीची छिद्रे बुजतात आणि पाणी आत येईनासे होते. कोरडे झाले की ती उघडतात आणि कापड पुन्हा श्वास घेते. आजकाल सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्रण वापरतात, कारण ते या गुणाचा पुष्कळ भाग राखते आणि घडीही बारीक होते. लेप दिलेले निव्वळ कृत्रिम कापड बाहेरचे पाणी पूर्ण अडवते, पण आतलेही अडवते. दोन माणसे रात्रभर निजली तर त्यांच्या श्वासातून व अंगातून सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि त्याला वाट मिळाली नाही तर सकाळी गादीची खालची बाजू ओली सापडते. म्हणून गादीखाली हवा खेळण्यास जाळीचा थर असावा. ओले कापड मिटून निघावे लागले तर संध्याकाळी मुक्कामावर पोहोचताच पहिले काम टप उघडण्याचे. दोन-तीन दिवस ओलीच राहिलेली घडी बुरशी धरते, आणि बुरशीचे काळे ठिपके कापडातून पुन्हा जात नाहीत.

कायद्याचा विचार शेवटी केला तरी काम करताना तो प्रथम करावयाचा असतो. जर्मनीत अशा फेरफाराची मान्यताप्राप्त तज्ज्ञ तपासणी करतो आणि मोटारीच्या कागदपत्रांत तशी नोंद होते. ऑस्ट्रेलियात ‘व्हीएसबी १४’ या राष्ट्रीय संहितेच्या आधारे प्रत्येक राज्य परवानगीची व्यवस्था पाहते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलापासून मोटार भिन्न होईल असा फेरफार मालकाला करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कसोशीने लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे, कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस १२४’ हे मानक अस्तित्वात आहे, आणि मोटारींची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी थार असो की पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा असो, तिच्या टपाकडे पाहून ज्या वाचकाच्या मनात हा संकल्प उमटला असेल त्याने प्रथम प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन चौकशी करावी, जो कारागीर मानकानुसार मान्यता मिळवून काम करतो त्याच्याकडूनच तजवीज लेखी घ्यावी, आणि मंजुरीचा कागद हाती पडेपर्यंत टपावर खडूची रेघसुद्धा ओढू देऊ नये.