मिणमिणत्या दिव्यांची स्कूटर

१९७२ साली बजाजची चेतक बाजारात आली आणि पुढची तीन दशकं तिने महाराष्ट्रातल्या अंगणांत ठाण मांडलं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली गाडी, तिला उठसूट गॅरेजला कोण सोडणार? रविवारी सकाळी डिकी उघडायची, जुन्या वर्तमानपत्रावर पाने मांडायचे आणि कामाला लागायचं, हे घरोघरी चालायचं. ब्रेक आणि क्लचच्या केबली सगळेच ओढून घेत. पण दिवा लागेना, हॉर्न वाजेना, प्लगला स्पार्क येईना, अशी तक्रार आली की भलेभले बिचकत. मला मात्र वायरिंगचीच गोडी लागली.

त्या काळातल्या बऱ्याच स्कूटरना बॅटरी नसायची. फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलभोवती फिरत आणि त्यातून वीज तयार होई. इंजिन बंद, की अंधार. चौकात थांबलं की दिवा मिणमिणायचा आणि रेस दिली की उजळायचा. पुढचा बल्ब उडाला की पाठोपाठ मागचाही उडायचा. लोक बल्बला दोष देत, पण कारण वेगळंच असे. कॉइलची वीज ठरावीक वॅटच्या बल्बांसाठी बेतलेली होती आणि तिला आवर घालायला रेग्युलेटर नव्हता. एक बल्ब गेला की उरलेल्याला जास्त व्होल्टेज मिळे आणि तोही जळे. म्हणून पुढचा बल्ब गेला तर तो बदलेपर्यंत रेस कमी ठेवायची, हे जाणकार माणूस आवर्जून सांगायचा. बल्बही छापलेल्या वॅटचाच घ्यायचा.

या सगळ्या वर्षांत सर्वाधिक त्रास दिला तो अर्थिंगने. स्कूटरचा पत्रा हीच विजेची परतीची वाट असते. दिव्यापर्यंत एक वायर येते आणि पुढचा प्रवास होल्डर, स्क्रू आणि बॉडीमधून होतो. त्या स्क्रूखाली गंज चढला किंवा रंगाचा थर बसला की वाट अडते. सहा व्होल्टच्या गाडीत हे फार जाणवायचं. जोडात एक व्होल्ट वाया गेला तर बारा व्होल्टचा दिवा जरासा मंद होतो, सहा व्होल्टचा मात्र पार पिवळा पडतो. कोकणातून घाटावर आलेल्या गाड्या तर खाऱ्या हवेने आतून पोखरलेल्या असत. यावर मी कायम एकच तपासणी करत आलो. इंजिन चालू ठेवायचं, वायरीचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला लावायचं आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. दिवा लख्ख झाला तर बल्ब, कॉइल, स्विच सगळं ठीक आहे. मग स्क्रू काढायचा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, पुन्हा कसायचा आणि वरून ग्रीस लावायचं. खर्च जवळपास शून्य. विकत आणलेल्या नव्या भागांपेक्षा या घासण्यानेच जास्त गाड्या मार्गी लागल्या, असं मी खात्रीने म्हणेन.

प्लगला स्पार्क येईना, तर पाहायचे ते इग्निशनचे पॉइंट, आणि त्यांचं काम नाजूक. पंख्याचं कव्हर काढलं की फ्लायव्हीलला एक खिडकी दिसते. चाक हाताने हळूहळू फिरवायचं, पॉइंट पूर्ण उघडले की त्यात फिलर गेजची ०.४ मिलिमीटरची पट्टी सरकवायची. ती किंचित घासत जायला हवी. पॉइंट वारंवार जळून त्यांवर खड्डे पडत असतील तर नुसतं घासून भागत नाही, कंडेन्सर बदलावा लागतो. मग प्लग हेडवर टेकवून किक मारायची. निळी, कडकडीत ठिणगी दिसली की झालं.

नव्वदच्या दशकात बारा व्होल्टची इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली स्कूटर घरोघरी दिसू लागली आणि पॉइंट गेले. मला त्याचा आनंदच झाला. पावसाळ्यात भर सकाळी किक मारून दमणाऱ्यांचे हाल संपले. पॉइंटच्या जागी आलेली सीडीआय इग्निशनची डबी उघडता येत नाही, शेजाऱ्याच्या गाडीची चालू डबी लावून पाहणं हाच तिचा तपास. पण डबीपेक्षा फ्लायव्हीलमधून बाहेर येणाऱ्या वायरीच अधिक दगा देत. उष्णता आणि तेलाने त्यांचं आवरण कडक होऊन तडकतं, आतली तार उघडी पडते आणि गाडी कधी चालते, कधी बंद पडते.

मग बटण स्टार्टच्या बिनगिअरच्या गाड्या आल्या. त्यांचे रोग सोपे. सेल्फ दाबल्यावर नुसती टकटक होत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल पाहायचे, आवाजच नसेल तर ब्रेकच्या दांडीतला छोटा स्विच. ब्रेक दाबल्याची खबर त्याने दिल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. टर्मिनलवरची पांढरट पूड गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून निघते, मात्र वायर सोडताना निगेटिव्ह आधी सोडायची. याच सुमारास स्वस्त मल्टिमीटर हाताशी आला. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १४ च्या जवळपास आकडा दिसला की चार्जिंग ठीक आहे, एवढं कळलं तरी अंदाजाने बॅटरी बदलण्याचा खर्च टळतो.

२०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू राहू लागला, २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि बहुतेक गाड्यांत सेन्सर आणि ईसीयू बसले. त्या गाड्यांचा तपास आता अंगणाबाहेर गेला आहे. जुन्या स्कूटर मात्र अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेताना त्यांचा हॉर्न, दिवे, ब्रेक लाइट चालू दाखवावे लागतात, त्या तयारीसाठी लोक अजूनही माझ्याकडे येतात. हल्ली बरेच जण त्यांत एलईडी बल्ब बसवून आणतात. बॅटरीविना चालणाऱ्या या गाड्यांत दिव्याला एसी वीज मिळते, त्यामुळे एलईडी लुकलुकतो आणि लवकर जातो. मी तो काढून जुना ३५ वॅटचा बल्ब परत लावून देतो. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग अजून मिळतात, पण तयार वायरिंगच्या संचात तांबं बारीक निघतं. त्यापेक्षा चांगली वायर मीटरवर घ्यावी, जुन्या रंगांप्रमाणेच टाकावी आणि प्रत्येक जोड नुसता पिळून टेप न गुंडाळता डाख देऊन पक्का करावा. हँडलच्या मानेपाशी थोडी ढील सोडावी, कारण वळताना तिथेच ताण बसतो आणि आवरण शाबूत राहून आतली तार तुटते.