इशारा म्हणजे भाकीत नव्हे

29 जानेवारी 2019 रोजी अमेरिकेचे राष्ट्रीय गुप्तचर संचालक डॅन कोट्स यांनी सिनेटच्या समितीपुढे जागतिक धोक्यांचा अहवाल मांडला. फ्लूची पुढची महासाथ आली तर अमेरिकाच काय, सारे जगच उघडे पडेल, असा त्यात इशारा होता. वर्षभरात कोविड आला आणि ‘यांना आधीच ठाऊक होते’ अशी कुजबुज सुरू झाली.

तसे नव्हते. गुप्तचर मूल्यांकन (हाती असलेल्या माहितीवरून बांधलेला धोक्याचा अंदाज) घाटातल्या ‘दरडप्रवण क्षेत्र’ या पाटीसारखे असते. दरड कधी कोसळेल हे पाटी सांगत नाही; डोंगर ठिसूळ आहे, एवढेच सांगते.

अहवालात साथीची तारीख नव्हती. कारणे होती: बेशिस्त वाढणारी शहरे, निर्जन भागात घुसणारी वस्ती, वाढता प्रवास. इशाराही काही नवा नव्हता. 2000 सालीच अमेरिकी गुप्तचरांनी संसर्गजन्य रोगांवर स्वतंत्र अहवाल दिला होता. पुढची तयारी सरकारने करायची असते, गुप्तचरांनी नव्हे.