लाकडी फ्लोअरिंगचा धंदा: पॉलिश फॅक्टरीतलं घ्यायचं की जागेवर करायचं?



लाकडी फ्लोअरिंगच्या कामात उतरताना पहिला प्रश्न हाच येतो. फॅक्टरीत पॉलिश होऊन आलेल्या पट्ट्या बसवायच्या, की कोरं लाकूड बसवून जागेवर घासून पॉलिश करायचं? "सर, चांगलं कुठलं?" असं विचारू नका. दोन्ही चांगली आहेत. विचारायचं ते हे: तुमचा पैसा कुठे अडकतो?

फॅक्टरी पॉलिश: पैसा मालात

या पट्ट्यांवरचे कोट कारखान्यात यूव्ही दिव्याखाली सुकवलेले असतात. ओरखडे लवकर पडत नाहीत. घरात धूळ नाही, वास नाही, एक-दोन खोल्यांचं काम दोन दिवसांत उरकतं. पण खालची जमीन सपाट हवी. उंच-सखल असली की पट्टी दबते, आवाज करते, कडा वर येते. ती कडा घासून लपवता येत नाही, कारण पॉलिशच जाईल. शिवाय कटिंगसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी त्याच बॅचचा 5 ते 10 टक्के जादा माल घ्यावा लागतो.

जागेवर पॉलिश: पैसा दिवसांत

इथे सगळी जमीन एकसंध घासली जाते, सांधे सपाट होतात, गिऱ्हाईकाला हवा तो रंग देता येतो. पण सँडिंग मशीन हवं आणि ते चालवणारा हात त्याहून पक्का हवा. मशीन एका जागी क्षणभर थांबलं तरी खड्डा पडतो. घर रिकामं लागतं. ऑइल बेस पीयूचा एकेक कोट सुकायला साधारण एक दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त.

समजा, जुलैत ऑर्डर घेतली. पाच दिवस, दोन कारागीर, रोज 1,000 रुपये. मजुरी 10,000 आणि नफा 8,000 धरला. कोट ओला असताना इलेक्ट्रिशियनने भिंत फोडली, धूळ बसली, पुन्हा घासावं लागलं. तीन दिवस वाढले, 6,000 गेले. हातात राहिले 2,000! गिऱ्हाईक नाराज, ते वेगळंच.

मग सुरुवात कशी करायची?

भांडवल कमी आणि हाताखाली अनुभवी कारागीर नसेल, तर फॅक्टरी पॉलिशपासून सुरुवात करा. माल भरून ठेवू नका. मालाचे पूर्ण पैसे ॲडव्हान्स घ्या, मगच ऑर्डर टाका. जागेवरचं काम आधी एखाद्या जाणकार पॉलिशवाल्याला सोबत घेऊन करा, मशीन नंतर.

कोटेशन देण्याआधी तीन गोष्टी विचारा: घर रिकामं आहे का? काम कुठल्या महिन्यात? खालची जमीन सपाट आणि कोरडी आहे का? ओल मोजायचं मीटर घ्याच. पट्ट्या बसवण्याआधी काही दिवस त्याच घरात ठेवा, म्हणजे तिथली हवा त्यांना मानवते.

आणि एक गोष्ट लेखी द्या. 18 मिमीचं भरीव लाकूड अनेकदा घासता येतं. इंजिनिअर्ड पट्टीवरचा लाकडाचा थर 3-4 मिमी असेल तर एखाद-दोनदा, 1 मिमीपेक्षा कमी असेल तर अजिबात नाही. हे आज सांगितलं तर तुम्ही जाणकार ठरता, पाच वर्षांनी सांगितलं तर फसवणारे.

आजचा गृहपाठ: आपल्या पुढच्या कोटेशनमध्ये "वाढीव दिवसांचा खर्च कोणाचा?" ही एक ओळ टाका. धंदा तिथेच वाचतो.