बचावपटूची कारकीर्द मोजायची कशी? गिरीश इर्नाक आणि न घडलेल्या चढायांचा हिशेब

आधी दोन आकडे बघा. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. पुढच्याच हंगामात, २०१८ मध्ये, उजव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या नितेश कुमारने पकडीचे १०० गुण केले. एका हंगामात पकडीचं शतक करणारा तो पहिलाच. दोन्ही त्या वेळचे विक्रम. मग चढाईपटू बचावपटूपेक्षा साडेतीन पटींनी भारी, असं म्हणायचं का?

'नाही' हे उत्तर कुणीही देईल. पण 'का नाही' हे नीट सांगता आलं, तर संशोधनातला एक मोठा धडा आपोआप कळतो. आपल्याकडे ब्राह्मणपुरीपासून शहाद्यापर्यंत कबड्डी माहीत नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण, म्हणून आज उदाहरण त्याच मैदानातलं घेऊ.

छेद वेगळा, तर तुलना चुकीची

एका चढाईला ३० सेकंद. चढाईपटू एकटा, समोर जास्तीत जास्त सात जण. तो एकाच चढाईत दोन-तीन गडी बाद करू शकतो, वर बोनस घेऊ शकतो. बचावपटूला मात्र एका पकडीचा एकच गुण. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असतील तर अव्वल पकडीचे दोन. शिवाय पकड ही साखळी असते. कोपरा घोटा धरतो, शेजारचा धडक देतो, तिसरा उचलतो. गुण मात्र साधारणपणे एकाच्याच नावावर लागतो.

म्हणजे ३६९ आणि १०० हे आकडे एकाच मापाचे नाहीत. संधी किती मिळाल्या, एका संधीत जास्तीत जास्त किती मिळू शकत होतं आणि श्रेय कसं वाटलं गेलं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या प्रबंधात दोन गटांची तुलना असेल तर आधी हेच तीन प्रश्न विचारा.

एका बचावपटूचा कागद

आता आपल्या महाराष्ट्राचा गिरीश मारुती इर्नाक घ्या. जागा डावा कोपरा. प्रो कबड्डीत तो बंगाल वॉरियर्स, पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स अशा संघांकडून खेळला. २०१८ च्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार होता. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघातही तो होता. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून उतरला. तिथे उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ ने हरवलं. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकणाऱ्या पुरुष संघाला त्या वेळी कांस्यावर थांबावं लागलं.

एकाच वर्षात सुवर्णही आणि कांस्यही. माणूस तोच, कोपरा तोच. मग संघाच्या निकालावरून त्याचं मोल काढायचं? काढता येणार नाही, कारण निकालात बाकीचे सहा जण, समोरचा संघ आणि त्या दिवसाची दुखापत, सगळं मिसळलेलं असतं.

बरं, मग त्याचे स्वतःचे पकडीचे गुण मोजू. इथेही गोची आहे. समजा, 'क' या बचावपटूने २० वेळा पकडीचा प्रयत्न केला, १० यशस्वी झाले. 'ख'ने ८ प्रयत्न केले, ५ यशस्वी. गुणतालिकेत 'क' दुप्पट पुढे. पण फसलेली प्रत्येक पकड समोरच्याला निदान एक गुण देते. म्हणजे 'क'ची शिल्लक शून्य आणि 'ख'ची अधिक दोन. नुसती यशाची बाजू मोजली की उतावळा खेळाडू मोठा दिसतो. एका सामन्यात पाच पकडी केल्या की 'हाय फाईव्ह' म्हणून नाव झळकतं, त्यामुळे घाईने अंगावर जाण्याचा मोहही वाढतो. मोजमापच वागणूक बदलतं, ते असं.

जे घडलंच नाही त्याचं काय?

खरी अडचण याच्याही पुढे आहे. डावा कोपरा मजबूत असेल तर शहाणा चढाईपटू तिकडे खोल जातच नाही. उजवीकडे वळतो, निदान रेषा ओलांडतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्या चढाईत इर्नाकसारख्या खेळाडूने कुणाला हात लावलेला नसतो. तालिकेत त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही. प्रत्यक्षात मात्र त्याने अर्धं मैदान बंद करून ठेवलेलं असतं.

याचे परिणाम खऱ्या पैशांत दिसतात. २०१८ च्या लिलावात सहा खेळाडूंना एक कोटी किंवा त्याहून जास्त मिळाले. त्यात निव्वळ बचावपटू एकच, इराणचा फझल अत्राचली, बरोबर एक कोटीला. सगळ्यात महाग ठरलेला मोनू गोयत हा चढाईपटू, १ कोटी ५१ लाखांना. सगळाच फरक मोजमापामुळे पडला असं मी म्हणणार नाही, लोक चढाई बघायला येतात हेही खरं. पण जे सहज मोजलं जातं त्यालाच किंमत मिळते, हे नाकारता येत नाही.

मग धाक मोजायचा कसा?

कबड्डीच्या नियमांतच एक सुंदर सोय दडलेली आहे. गडी बाद झाला की बाहेर बसतो, आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की क्रमाने परत येतो. म्हणजे एकाच सामन्यात, त्याच विरोधी संघासमोर, आपल्याला दोन्ही स्थिती मिळतात: तो मैदानात असताना आणि तो बाहेर असताना.

दोन्हींची थेट तुलना मात्र करू नका. तो बाहेर असतो तेव्हा मैदानात एक माणूसही कमी असतो, फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. म्हणून सहा गडी मैदानात असलेल्याच चढाया घ्या. एका ढिगात डावा कोपरा आत आणि दुसरा कुणीतरी बाहेर, दुसऱ्या ढिगात डावा कोपराच बाहेर. संख्या सारखी झाली. आता डावीकडे वळलेल्या चढायांचं प्रमाण दोन्ही ढिगांत काढा. 'डावीकडे' म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या डावीकडे, ही व्याख्या मोजायला बसण्याआधीच लिहून ठेवा.

तरीही तीन खड्डे राहतात. पहिला, बाहेर बसलेला दुसरा गडी उजवा कोपरा आहे की फक्त चढाई करणारा, याने फरक पडतो. दुसरा, डावा कोपरा बाहेर जातो तो बहुधा समोरचा चढाईपटू जोरात असतानाच, म्हणजे ती वेळ निवडक आहे. तिसरा, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची 'करो या मरो' चढाई. तिथे चढाईपटूला टाळाटाळ करताच येत नाही, म्हणून तिचा ढीग वेगळा ठेवा.

तुमच्या विषयात हे कुठे येतं?

कपाशीचंच बघा. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात पतंग जास्त अडकले, म्हणजे सापळा चांगला की शेतात पतंगच जास्त? नुसत्या सापळ्यातल्या मोजणीवरून सांगता येत नाही, शेजारची बोंडं फोडून अळी बघावीच लागते. लसीकरण घ्या, बंधारा घ्या. जिथे काम 'थांबवण्याचं' आहे, तिथे यश म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि तिच्यासाठी नोंदवहीत रकानाच नसतो. तो आपल्याला पाडावा लागतो.

करून बघा. कुठल्याही एका सामन्याचं चित्रीकरण घ्या, वहीत पाच रकाने आखा: चढाईचा क्रमांक, मैदानातले गडी, डावा कोपरा आत की बाहेर, चढाई कुठे वळली, निकाल. चाळीस मिनिटांचा सामना नोंदवायला दोन-तीन तास जातील. एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नका, चढाया त्यासाठी फारच कमी पडतात. पण कुठली चढाई 'डावीकडे वळली' म्हणायची यावर तुम्ही पहिल्या दहा मिनिटांतच अडाल. तिथे थांबा आणि मित्रालाही त्याच चढाया स्वतंत्रपणे नोंदवायला सांगा. दोघांच्या वह्या कितपत जुळतात ते आधी बघा, बाकीची आकडेमोड त्यानंतर.